बंगल्यावर जोडपं पाहिजे

आमच्याकडे बंगल्यावर माणूस ठेवत नाहीत, जोडपं ठेवतात. "एखादं जोडपं आहे का बघण्यात?" असं मुंबईचे लोक दुकानात, रिक्षा स्टँडवर, मासळीवालीकडेसुद्धा विचारत फिरतात. जोडप्यातल्या नवऱ्याने गेट, पंप आणि बाग बघायची, बायकोने झाडू, भांडी आणि स्वयंपाक. पगार नवऱ्याच्या हातात. बायकोचा किती, हे विचारायची रीतच नाही. मोठ्या साबणावर छोटा साबण फुकट मिळतो ना, तशी ती मिळते.

मी अशी फुकट मिळालेली बाई. चौलला एका वाडीत, जिथे आधी नुसती सुपारी होती, तिथे निम्मी सुपारी तोडून बंगल्यांची आळी उभी राहिली. त्यातल्या एका बंगल्यावर आम्ही दोघं लागलो तेव्हा आमची मुलगी रांगत होती. ती रेवदंड्याला कॉलेजात जायला लागली तरी आम्ही तिथेच, मागच्या एका खोलीत. मालक मुंबईचे. साहेब कधीतरी यायचे, सगळा कारभार मॅडमच्या हातात. शनिवार-रविवार बंगला पाहुण्यांना भाड्याने द्यायचा, ही कल्पनाही त्यांचीच. तेव्हापासून माझा शनिवार-रविवार गेला तो गेलाच. पहाटे उठून वाटण, मग नाश्ता, मग पंधरावीस माणसांच्या तांदळाच्या भाकऱ्या, कोळंबीचं कालवण, तळलेली सुरमई. जेवणं उरकली की भांडी आणि भांडी उरकली की पुन्हा चहा.

थंडीत पाहुण्यांना पोपटी पाहिजे असायची. वालाच्या शेंगा मी निवडायच्या, भांबुर्डीचा पाला शेतातून मी आणायचा, मसाला मी चोळायचा, मडकं मी भरायचं. नवरा मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा पेटवायचा. सगळे मोबाईल घेऊन त्याच्याभोवती उभे. "भाऊ, कमाल पोपटी केलीत." आणि जाताना बक्षिशी भाऊच्या हातात. भाऊसुद्धा खुशाल घ्यायचा.

मला राग लवकर येतो, हे आमच्या सगळ्या भावकीला माहीत आहे. तरी इतकी वर्षं या गोष्टीचा आला नाही. पगार कुणाच्या का हातात पडेना, येतोय तर आपल्याच घरात, असं वाटायचं. नवरा दारू पिणारा नव्हता, पैसे उडवणारा नव्हता. मग कशाला कटकट करायची.

पण एक दिवस नवऱ्याला बंगल्याचा कंटाळा आला. "किती दिस दुसऱ्याचं गेट उघडू?" म्हणाला. त्याचा मावसभाऊ बंदरावर ट्रेलर चालवायचा, त्याने लावून दिलं. मी म्हटलं, "आणि इथलं?" तर म्हणाला, "इथं तू हायस ना." एवढं बोलून पिशवी भरली आणि गेला. आठवड्याने-पंधरवड्याने घरी यायचं, असं ठरलं.

मी होतेच. सकाळी पंप लावायचा, बाग शिंपायची, स्विमिंग पूलमधली पानं जाळीने काढायची, त्यात औषध टाकायचं, वीज गेली की जनरेटर चालू करायचा, नारळ पाडायला माणूस आला की त्याच्यामागे उभं राहून नारळ मोजून घ्यायचे, पाहुण्यांची गाडी आली की धावत जाऊन गेट उघडायचं. आणि हे सगळं झाल्यावर माझं काम सुरू. पहिल्या महिन्यात माझे हात खांद्यातून वर होत नव्हते. मॅडम फोनवर म्हणायच्या, "तू आहेस म्हणून मला काळजी नाही गं." मला खरं सांगायचं तर बरं वाटायचं. आता पगार माझ्याच खात्यात येणार होता. आयुष्यात पहिल्यांदा.

आला तो निम्मा.

मला वाटलं, मॅडमची काहीतरी गडबड झाली. फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, आता तू एकटीच आहेस ना."

"माणूस कमी झालाय मॅडम," मी म्हटलं, "काम कुठे कमी झालंय? पानं तेवढीच पडतात."

त्या हसल्या. हसणं गोड होतं त्यांचं, सगळं बोलणंच गोड. म्हणाल्या, "आणि तसं बघितलं तर तुझा वेगळा असा पगार कधी नव्हताच. तो त्याचा पगार होता. तू त्याच्याबरोबर होतीस. तरी मी अर्धा देतेय की नाही?"

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे इतकी वर्षं मी काय करत होते? ज्या भाकऱ्या थापून माझ्या तळव्यांना घट्टे पडले, त्या मी कुणाबरोबर आले म्हणून थापल्या? पाहुण्यांच्या पोरांनी गाद्यांवर केलेल्या ओकाऱ्या मी कुणाची सोबत म्हणून धुतल्या? तापात उठले, बाळंतीण बहीण सोडून धावत आले, गौरीला माहेरी गेले नाही कारण बंगला फुल होता. आणि हिशेबात मी नव्हतेच. फोन ठेवल्यावर मी विहिरीच्या कठड्याशी उभी राहून मोठ्याने शिव्या दिल्या. तिथे ऐकायला कुणी नव्हतं याचंच वाईट वाटलं.

नवरा रविवारी आला. जेवायला बसला तेव्हा मी सगळं सांगितलं. वाटलं, हा तरी चिडेल. तो भात कालवत म्हणाला, "तसं बरोबर हाय तिचं. पगार माझाच होता ना."

मी हातातला डाव पातेल्यात टाकला. म्हटलं, "मग भात तुझा तूच वाढून घे." आणि उठून बाहेर गेले. तो दोन-तीनदा हाक मारत राहिला. त्याला शेवटपर्यंत कळलं नाही की तो काय बोलला. मला मॅडमपेक्षा त्याचा राग जास्त आला, कारण माझे हात त्याने बघितले होते.

पुढे दोन महिन्यांनी मॅडमने एक माणूस पाठवला. पाहुण्यांनी म्हणे तक्रार केली होती की गेटवर बाई असली की सेफ वाटत नाही. बाईने केलेलं खायला सेफ वाटतं, बाईने उघडलेलं गेट चालत नाही. तर हा माणूस घाटावरचा, तिशी-पस्तिशीचा, सालस. मला वहिनी म्हणायचा. मॅडम म्हणाल्या, "त्याला सगळं दाखव." मी दाखवलं. कुठला नळ कुठे जातो, जनरेटर अडला की काय करायचं, कुठल्या कुत्र्याला आत घ्यायचं आणि कुठल्याला नाही. जे मी एकटीने करत होते त्यातलं निम्मं त्याच्याकडे गेलं. वर त्याचं दोन वेळचं जेवण माझ्याकडे आलं.

एक दिवस दुपारी जेवताना तो आपणहूनच बोलायला लागला. गावाकडे आई असते, तिला पैसे पाठवायचे असतात, म्हणून पगार आधीच बोलून घेतला. "एवढे देत असाल तर येतो, नाहीतर परवडत नाही, असं सरळ सांगितलं मॅडमना." आणि त्याने आकडा सांगितला.

आम्हा दोघांना मिळून जो पगार होता, तोच. जसाच्या तसा. माझ्या दुप्पट.

"तुम्हाला किती देतात वहिनी?" त्याने विचारलं. त्यात खोच नव्हती. मी म्हटलं, "आमटी घे अजून." त्याच्यावर चिडून उपयोग नव्हता. पंप मी चालवला तेव्हा ते 'जरा बघून घे' होतं. त्याने चालवला की ती ड्युटी. पूल तोच, जाळी तीच, पानंसुद्धा त्याच बदामाची. फरक एवढाच की दांडा धरणारा हात पुरुषाचा होता.

त्याच संध्याकाळी मी फोन केला. मनात शंभर वाक्यं जुळवली होती, पण एकच बोलले. "मॅडम, मला त्याच्याएवढा पगार पाहिजे."

त्या म्हणाल्या, "अगं, तो पुरुष माणूस. त्याला घर चालवायचंय."

"मग मी काय चालवतेय?"

"तसं नाही गं. तू समजून घे. त्याला कमी दिले तर तो उद्या निघून जाईल. तू तर राहतेसच ना."

हे त्या इतक्या सहज बोलल्या की मला आधी नीट उमगलंच नाही. फोन ठेवल्यावर उमगलं. माझं काम कमी दर्जाचं आहे असं त्यांचं म्हणणं नव्हतंच. उलट कौतुकच होतं. मी खोली सोडून जाणार नाही, मुलीचं कॉलेज मोडणार नाही, पाहुण्यांना उपाशी ठेवणार नाही, याची त्यांना खात्री होती, आणि त्या खात्रीचे पैसे त्या माझ्या पगारातून कापत होत्या. चांगलं वागण्याचा दंड. मी रात्रभर जागी वगैरे राहिले नाही, मला रागात छान झोप लागते. सकाळी उठून मुलीला म्हटलं, "तुझी पुस्तकं पिशवीत भरून ठेव. कदाचित काकीकडे राहायला लागेल." तिने का म्हणून विचारलं. मी सांगितलं. ती पुस्तकं भरायला लागली.

शुक्रवारी मॅडमना कळवलं, "उद्यापासून मी स्वयंपाक करणार नाही. झाडूही मारणार नाही. पाहुण्यांना तसं सांगा." त्यांना ते खरं वाटलं नसावं. "बरं, बोलू आपण," म्हणाल्या.

शनिवारी दुपारी तीन गाड्या भरून माणसं आली. मी मागच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसले, माझ्या घरचे. घाटावरचा माणूस आधी गेटकडे, मग स्वयंपाकघरात, मग माझ्याकडे असा पळत होता. "वहिनी, ते भाकरी मागतायत." मी म्हटलं, "मागू दे." "वहिनी, कोळंबी साफ कशी करतात?" मी म्हटलं, "मॅडमना विचार, त्या पगार देतात." शेवटी त्याने नाक्यावरून पाव आणि अंडी आणली. पाहुण्यांतली एक बाई मागे येऊन म्हणाली, "तुमच्या हातचं जेवायला म्हणून आलो होतो हो आम्ही." मला तिची दया आली. पण उठले नाही. सोपं नव्हतं ते. इतक्या वर्षांची सवय, कुणी भूक म्हटलं की हात आपोआप पिठाच्या डब्याकडे जातो. मी हात मांडीखाली दाबून बसले.

रविवारी सकाळच्या बोटीने मॅडम मांडव्याला उतरल्या आणि तशाच बंगल्यावर आल्या. पाहुणे पैसे परत मागत होते. त्यांना कसंतरी वाटेला लावून त्या मागे आल्या, खुर्ची मागवून बसल्या. मी एरवी उभी राहिले असते. त्या दिवशी पायरीवर बसले.

चिडल्या नाहीत. मी तयारीत होते, पण त्या चिडल्याच नाहीत. म्हणाल्या, "ठीक आहे. त्याच्याएवढा."

"या महिन्यापासून?"

"या महिन्यापासून."

मला वाटलं होतं की हे ऐकून मी रडेन. तसं काही झालं नाही. एवढंच मनात आलं की दोन शब्दांत होण्यासारखं होतं, तर मग इतकी वर्षं कशाला. तेवढ्यात त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली आणि आवाज खाली आणला.

"फक्त एक कर माझ्यासाठी. बाकीच्या बंगल्यांवर कुणाला सांगू नकोस. आमचा मालकांचा ग्रुप आहे फोनवर, आम्ही सगळे मिळून पगार ठरवतो. उद्या सगळ्या बंगल्यांवरच्या बायका मागायला लागल्या तर मला बोलतील सगळे."

म्हणजे मी एकटी नव्हते. आळीतल्या एकूण एक बंगल्यातली बाई शून्यावर ठेवायची, हे मुंबईत बसून, चहा पीत, मिळून ठरलेलं होतं. आणि आम्ही एकमेकींना कधी विचारलंही नव्हतं. मिठापासून गॅसपर्यंत सगळं एकमेकींकडून उसनं नेलं, पण हे नाही विचारलं.

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. त्यांनी ते हो धरलं असावं, कारण जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. संध्याकाळच्या बोटीला त्या निघून गेल्या.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तशी मी चपला घातल्या आणि शेजारच्या बंगल्याच्या मागच्या दाराने आत गेले. तिथली बाई नळाखाली पाहुण्यांच्या चादरी धूत होती. तिचा नवरा गेटपाशी मोबाईल बघत बसला होता. वरच्या गॅलरीत तिची मालकीण कॉफी घेऊन उभी होती. मी त्या धुणाऱ्या बाईला सगळं सांगितलं, माझा आधीचा पगार, आताचा पगार, आणि मॅडम कुणाला सांगू नको म्हणाल्या तेसुद्धा.

तिने मान वर केली नाही. "माझा कुठं पगार हाय गो," म्हणाली. "ह्यांचा हाय." आणि चादर आपटायला लागली.

मी वळले. अजून पुढचे बंगले होते. दारापर्यंत पोचले असेन, तर मागे चादर आपटायची थांबली.

"थांब," ती म्हणाली. "किती म्हनालीस?"

मी जागेवरून आकडा परत सांगितला, वर गॅलरीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात.