परतवाड्याला काढलेला फोटो

माझा पहिला कॅमेरा रिळाचा. त्याचा लाइट मीटर कधीचाच मेला, लेन्सच्या एका कोपऱ्यात बुरशीनं जाळं धरलंय आणि चामडी खोळीला पावसाळ्यात कुबट वास येतो. हल्ली मी डिजिटलवरच फोटो काढतो. फोटोचा नाद असलेले ओळखीचे एकदोघं हा जुना कॅमेरा मागतात. मी देत नाही.

तो मला अकोल्यात मिळाला. कॉलेजपासूनचा माझा मित्र तिथे मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. त्याच्याच ओळखीच्या स्टुडिओवाल्यानं वापरलेला कॅमेरा विकायला काढला होता. मित्राचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. कॅमेऱ्यात पहिलं रीळ भरलं आणि आम्ही तिघांनी चिखलदऱ्याला जायचं ठरवलं. मी अमरावतीहून यायचं, त्या दोघांनी अकोल्याहून, आणि परतवाड्याच्या स्टँडवर भेटून वरची बस धरायची.

बसला वेळ होता. मित्र भजे आणायला गेला. वहिनी बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. मी सवय व्हावी म्हणून समोरच्या पत्र्याच्या शेडचा एक फोटो काढला, तर शटरच्या खटक्यानं त्या दचकल्या.

"अगं माय! भाऊजी, हा कॅमेरा हाये का दार? केवढ्यानं आपटला!"

आणि हसल्या. हसू पुरतं ओसरायच्या आत त्यांनी सरळ लेन्समध्ये पाहिलं. मी बटण दाबलं.

माझ्या हातून एवढा चांगला फोटो पुढे कधी निघाला नाही. पण तो अशा कारणानं त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर जाईल असं तेव्हा वाटलं नव्हतं. त्यांची मुलगी शाळेत जायला लागली होती, तेव्हा वहिनींना साधा ताप आला. तो डोक्यात चढला आणि आठवडाभरात त्या गेल्या. तेराव्याला बैठकीत फोटो लागला तो परतवाड्याचा, मोठा केलेला, हार घातलेला.

त्यानंतर त्या घरात मला नीट बसता येईना. फोटोतला माणूस लेन्सकडे पाहत असला की तो सगळ्यांकडेच पाहतो, हे मला ठाऊक होतं. तरी खुर्चीत बसलो की वाटायचं, ह्या माझ्याकडे पाहतायत. तेव्हा माझ्याकडेच तर पाहिलं होतं त्यांनी. कॅमेऱ्यामागे मीच होतो. चहाचा कप तोंडाला लावला की ती नजर कपाच्या कडेवरून दिसायची. मग मी फोटोखालच्या दिवाणावर, भिंतीला पाठ लावून बसायला लागलो. तिथे मानेवर काहीतरी हलकं टेकल्यासारखं व्हायचं. घरी आल्यावरही ते जात नसे. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुमाले भास होऊन राहिले." तिचं खरं होतं. पण त्या वर्षात मी त्या कॅमेऱ्यानं एकाही माणसाचा फोटो काढला नाही. डोळा लावला की आधी वहिनी दिसतील असं वाटायचं.

मित्राला हे कळलं होतं, हे मला माहीत नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी तो न सांगता अमरावतीला आला. पाणी प्यायला, बसला आणि म्हणाला,

"एक सांग. तू माह्या घरी फोटोखाली काहून बसतं?"

मी उठून पंखा वाढवला.

"ते तुह्याकडे पायते म्हणून ना? मलेबी मालूम हाये. मी रोज पायतो. मी इकून पाह्यलं, तिकून पाह्यलं, ते काही माह्याकडे पायत नाही. हसणं तुह्या कॅमेऱ्यासाठी होतं." तो रागावलेला नव्हता. दमलेला होता. "लग्नातल्या फोटोत मान खाली. पोरीसंग काढले त्याच्यात पोरीकडे पायते. माह्याकडे पायणारा एकबी फोटो नाही माह्यापाशी. मी कधी कॅमेरा हाती धरलाच नाही ना बे."

त्या रिळात आणखी काही असेल म्हणून मी निगेटिव्हचं पाकीट काढलं. आम्ही खिडकीशी उभे राहून पट्ट्या उजेडात धरल्या. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, चेहरा काळा आणि केस पांढरे. पांढऱ्या केसांच्या वहिनी बाकावर बसल्या होत्या. मित्र कितीतरी वेळ पाहत राहिला. "म्हातारी झाली असती तं अशीच दिसली असती," तो म्हणाला. मग पट्टी त्यानं स्वतःच्या हातात घेतली.

त्या फोटोच्या पुढचा फोटो मी कधी छापलाच नव्हता. बिघडलेला होता तो. कॅमेरा हलला होता, अर्ध्या चौकटीत बाक रिकामा, आणि कडेला वहिनींचा चेहरा वळलेला, पुसट, तोंड उघडं.

"हे कोणाले बोलून राहिली?"

ते मला आठवत होतं. "तू भजे घेऊन येत होता. कागदातून तेल गळत होतं. त्या ओरडल्या, सदऱ्याले लागन म्हणून."

तो खाली बसला.

अमरावतीत आता निगेटिव्हवरून फोटो छापून देणारं मला कोणी सापडलं नाही. नागपूरला पाठवून तो फोटो मोठा करून आणला. मोठा केल्यावर आणखीच पुसट झाला. मित्रानं तोच भिंतीवर लावला आणि जुना उतरवला. नातेवाइकांनी नावं ठेवली, "तोंड तं दिसतच नाही बाईचं." त्यानं कोणाचं ऐकलं नाही. जुना फोटो कागदात गुंडाळून त्यानं माझ्याकडे दिला. "तुह्याकडे पायते, तूच ठेव." मित्राच्या बायकोचा फोटो आपल्या घरी कुठे लावणार? आणि परत तरी कोणत्या तोंडानं करणार? मी घेतला.

दिवाळीनंतर अकोल्याला गेलो. पहिल्यांदाच बिनधास्त समोरच्या खुर्चीत बसलो. वहिनी भिंतीवरून दाराकडे पाहत होत्या. मित्र आत चहा टाकत होता आणि मुलीशी मोठ्यानं बोलत होता. मी थोडा डावीकडे सरकलो, मग उजवीकडे. त्यांनी काही माझ्याकडे पाहिलं नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. चहा येईपर्यंत मी तिथेच, परक्याच्या घरी आल्यासारखा, हात मांडीवर ठेवून बसून राहिलो.