मावशीची उरलेली रोपं

पवनानगरातली भाताची लावणी उरकली, की रोपवाल्या मावशीच्या बांधावर एकही जुडी सुकत पडलेली दिसायची नाही. ज्याचं रोप कुजलं असेल, त्याच्या खाचरात ती उरलेली रोपं न विचारता टाकून यायची. "आपलं झालं, आता दुसऱ्याचं व्हाया नगं?" हे वर ऐकवायची.

मावशीच्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशननंतर ती तपासणीचा कागद घेऊन माझ्या औषधाच्या दुकानात आली. डॉक्टरांनी सांगितलेलंच मी पुन्हा समजावलं : गाठ मध्यम वेगानं वाढणारी, शरीरातल्या हार्मोनवर पोसणारी. म्हणून हार्मोनला अडवणारी गोळी, रोज एक, पाच वर्षं.

"म्हंजी तिचं पाणी तोडायचं," मावशी म्हणाली. चार वर्षं कॉलेजात घालवून मला हे इतकं सोपं सांगता आलं नव्हतं.

मावशी गोळी कधी चुकवायची नाही. पण एकदा महिन्याच्या गोळ्या पंधरा दिवसांतच संपल्या. खोदून विचारल्यावर कळलं, तिकोणा पेठेतल्या तिच्या मैत्रिणीला, सखूबाईला, हाच आजार निघाला होता. केमोच्या सलाईननं केस जातात या धास्तीनं सखूबाई घरी बसली होती. मावशीनं आपल्या अर्ध्या गोळ्या तिला देऊन टाकल्या होत्या.

मी जाम चिडलो आणि सखूबाईचा कागद मागवून घेतला. गाठ कशावर पोसते ते दाखवणाऱ्या तिच्या तिन्ही तपासण्या निगेटिव्ह होत्या. ती गाठ हार्मोनवर पोसतच नव्हती. गोळीचा काडीचा उपयोग नव्हता, आणि केमोवाचून जाणारा एकेक आठवडा जिवावरचा होता. चूक माझीही होती. प्रत्येकीची गाठ वेगळी असते, हे मी मावशीला कधी सांगितलंच नव्हतं.

"मी तिला भलतंच रोप दिलं," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपनं ती सखूबाईला घेऊन हॉस्पिटलात गेली. पुढे प्रत्येक सलाईनला उशाशी बसली. केस गळाले तेव्हा म्हणाली, "केस येत्यात गं. तू ऱ्हा."

सखूबाई राहिली. पवनानगरातल्या माझ्या शेवटच्या लावणीला मी दोघींना पाहिलं. पुढे सखूबाई, नव्या कुरळ्या केसांवर रोपांचा भारा. मागे मावशी, डोक्यावर काही न घेता, कारण ऑपरेशनपासून तिचा हात वर जात नव्हता. एका खाचराशी दोघी थांबल्या.

"कंचं भात लावलंयस?" मावशीनं मालकाला विचारलं. "आदी सांग, मग देते."

आता माझं दुकान लोणावळ्यात आहे. कागद पाहिल्याशिवाय मी गोळी देत नाही. गिऱ्हाइकं वैतागतात, आणि मला मावशीची फार आठवण येते.