सिग्नल पडला

आमच्या दापोडीच्या गल्लीत गाडी धडधडत आली की बोलणारा मध्येच थांबतो आणि ती गेली की त्याच शब्दापासून पुढे सुरू करतो. पिढ्या सरल्या, पण ही खोड काही गेली नाही.

ही सगळी माझ्या नवऱ्याच्या खापरपणजोबांची देणगी. राणीच्या राज्यात घाट फोडून गाडी पुण्याकडे आली, तेव्हा ते गाव सोडून रुळांवर कामाला लागले आणि पुढे रूळ नि सिग्नल बदलणारे सांधेवाले झाले. गावात त्यांना विहिरीला हात लावायची बंदी होती. इथे मात्र त्यांनी दांडा ओढून सिग्नलचा हात खाली पाडला नाही, तर गाडी जागची हलत नसे. मग आत त्यांची सावली टाळणारे कितीही बसलेले असोत! हे आठवलं की मला आजही उड्या माराव्याशा वाटतात. तेव्हापासून आमच्याकडे अडलेलं काम झालं, लग्न जुळलं, नोकरी लागली, की म्हणायचं, "सिग्नल पडला!"

यंदा माझ्या लेकीचं अडलं होतं. तिला रेल्वेचं इंजिन चालवायचं होतं. लेखी परीक्षा कशीबशी निभावली, उरली डोळ्यांची तपासणी. तिथे नापास झाली की सगळंच मुसळ केरात. निकालाच्या दिवशी माझा जीव इतका टांगणीला लागला, की मी फोन सुनेच्या हाती दिला आणि बाहेर धुणं आपटत बसले.

सून नवी, नांदेडकडची. चाकणच्या कंपनीत कामाला. तिला ठाऊक असलेला सिग्नल म्हणजे चौकातला. तो पडला, म्हणजे लाल झाला, की कंपनीची बस थांबायची. लेकीचा फोन आला, "वहिनी, आईला सांग, सिग्नल पडला!" तेवढ्यात गाडी आली आणि पुढचं काही ऐकूच आलं नाही.

सून रडतच गल्लीत धावली. "आई ओ, घात झाला! ताईंचा सिग्नल पडला!"

समोरचे म्हातारे गँगमन खुर्चीतून ताडकन उठले. "पडला? आरं, वाजवा की राव!" कुणी थाळी बडवली, कुणी शिट्ट्या मारल्या, बायका फुगड्या घालू लागल्या. माझ्या हातातला पिळा तसाच खाली पडला.

सून मात्र खवळली. "लाज वाटत न्हाई का? लेकरू हरलं अन् तुमी नाचायलाव?"

मी ओल्या हातांनीच तिला मिठी मारली. "अगं येडे, आमच्याकडं पडला म्हणजे गाडी निघाली!"

ती खुदकन हसली. मग ओढणीने डोळे पुसून थेट रुळांकडच्या कुंपणापाशी पळाली. पुण्याची लोकल धडधडत येत होती. सगळी गल्ली सवयीने गप्प झाली, ती एकटी सोडून. ड्रायव्हरला हात करून ती जिवाच्या आकांताने ओरडत होती, "ओ भाऊ, सरका तिकडं! आमच्या ताई यायल्यात!"