समुद्राकडची भिंत

माझ्या आईने मला आयुष्यात एकच गोष्ट मागितली, आणि मी तिची डब्लिनच्या विमानतळावर माती केली.

तशी तिने ती सरळ मागितलीही नव्हती. नागपूरच्या आमच्या स्वयंपाकघरात एका कापड दुकानाचं कॅलेंडर होतं. त्यात मे महिन्याच्या पानावर एका गावाचा फोटो होता. पांढरीशुभ्र घरं, निळी दारं, पायरीवर झोपलेलं मांजर आणि खाली समुद्र. मे संपला, वर्ष संपलं, पण आईने ते पान कापून डब्यांच्या फळीवर चिकटवलं. पोळ्या लाटताना तिची नजर तिकडे असायची. एकदा मला म्हणाली, "असं गाव असते का गं खरंच? तिथं जाऊन नुस्तं बसायचं. कोणाचं बाळंतपण नाई, कोणाचं लग्न नाई, कोणी दवाखान्यात नाई." आईचे आजवरचे सगळे प्रवास याच तीन कारणांसाठी झाले होते. मी तेव्हा शाळेत होते. मोठेपणी कधीतरी कळलं की ते गाव ग्रीसच्या एका बेटावरचं आहे, आणि मी मनात ठरवून टाकलं.

ठरवलेलं मी सोडत नाही, हा माझा गुण. ठरवल्यावर कोणाचं ऐकत नाही, हा दुसरा. मी आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या नास गावात राहते, रोज डब्लिनमधल्या बॉल्सब्रिजच्या ऑफिसात जाऊन दिवसभर लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. या वर्षी आईबाबा तीन महिन्यांसाठी आले, तेव्हा मी गुपचूप बेटाची तिकिटं काढली, चार दिवसांचं तक्तेवजा नियोजन केलं आणि जेवताना जाहीर केलं. आईचा घास हातातच राहिला. बाबा वीजखात्यातून निवृत्त झालेले. कागद तीन वेळा वाचल्याशिवाय सही न करणारे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बेटा, व्हिसा?"

मी म्हणाले, "बाबा, तुमच्याकडे आयर्लंडचा व्हिसा आहे ना? मग झालं. इथून ग्रीस म्हणजे नागपूरहून गोवा."

तर तसं नसतं. आयर्लंडचा व्हिसा वेगळा आणि बाकीच्या युरोपचा वेगळा. हे मला माहीत नव्हतं असंही नाही. भारतीय पासपोर्ट होता तेव्हा मी स्वतः फायली छातीशी धरून त्या व्हिसासाठी रांगा लावल्या होत्या. पण दोन वर्षांपूर्वी मला आयरिश पासपोर्ट मिळाला, आणि दोन वर्षांत मी सगळं विसरले. विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने आईबाबांचे पासपोर्ट एकेक पान करून उलटले, पुन्हा उलटले आणि अगदी हळू आवाजात सांगितलं की तुम्ही जाऊ शकता, हे दोघं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी लहानपणी दुसऱ्यांसाठी पाठ केली होती.

बाबा 'मी म्हटलं होतं' असं म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. आईने ग्रीससाठी मुद्दाम घेतलेली मोठ्या काठाची टोपी डोक्यावरून काढून पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "असू दे. घरी जाऊन पिठलं टाकू." ते पिठल्याचं ऐकून मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की मी तिथल्या तिथे ऑफिसातल्या मैत्रिणीला फोन लावला. ही मैत्रीण पश्चिम किनाऱ्याकडची. तिने सगळं ऐकून घेतलं, बराच वेळ हसली आणि म्हणाली, माझी मावशी एका बेटावर राहते, दोन खोल्या पाहुण्यांना देते, तुला बेटच हवंय ना? पडत्या फळाची आज्ञा म्हणून मी आईबाबांना गाडीत घातलं आणि विमानतळावरून सरळ पश्चिमेला निघाले. स्लायगो शहर मागे पडलं. बाबा रस्त्याकडेचे विजेचे खांब बघत होते.

छोट्याशा बोटीने अर्ध्या तासात बेट आलं. धक्क्याच्या वर एकाला एक लागून चौदा-पंधरा घरं, मागे दगडी कुंपणांची शेतं, त्यात मेंढ्या. घरं पांढरी होती, म्हणजे कधीकाळी असावीत. हिवाळाभर वारा-पाऊस खाऊन भिंतींना शेवाळी डाग पडले होते, कुठे पोपडे निघाले होते. आई धक्क्यावर उभी राहून बघत राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिला फसवून दुसऱ्याच दुकानात आणल्यासारखं मला वाटत होतं.

मैत्रिणीची मावशी पंच्याहत्तरीची, एकटी, उंच आणि भराभर बोलणारी. दारातच तिने विचारलं, चहा घेणार? आई सवयीने म्हणाली, "नो नो." बाबाही म्हणाले, "नो नो." मी घाईघाईने सांगायला गेले की हे नुसतं म्हणण्यापुरतं असतं, तर मावशीने किटली चढवलीसुद्धा होती. आयर्लंडमध्येही पहिल्या 'नाही'ला काही किंमत नसते. तिने पुन्हा विचारलं, आई पुन्हा नको म्हणाली, तिसऱ्यांदा कप समोर आले. त्यानंतर लोण्याचा ब्राउन ब्रेड आला आणि तोच कार्यक्रम पुन्हा झाला. दोघींना एकमेकींचं एक वाक्य धड कळत नव्हतं, पण आग्रहाचं व्याकरण दोघींचं एकच होतं. आईने तीन स्लाइस खाल्ले. बारा वर्षं या देशात राहून मी पहिल्याच विचारण्याला खरं उत्तर देत आले, आणि लोक मला जेवायला का बोलावत नाहीत याचं नवल करत आले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ऊन पडलं आणि सगळं गाव बाहेर आलं. तिथे उन्हाळ्याच्या तोंडावर, पाहुणे यायच्या आधी, कोरडे दिवस बघून सगळे एकदमच घरांना चुना मारतात. पिंपांत भिजवलेला चुना तयार होता. म्हातारे, म्हाताऱ्या, शाळेच्या मास्तरीणबाई, बोटवाला, सगळ्यांच्या हातात बादल्या आणि ब्रश. मी आईसाठी समुद्राकडे तोंड करून खुर्ची मांडली. मांडीवर शाल दिली. म्हटलं, "आई, बस. काही करायचं नाही."

मग मी दुकानातून दूध आणायला गेले. वीस मिनिटांत परत आले तर खुर्ची रिकामी, शाल खुर्चीवर, आणि आई घराच्या समुद्राकडच्या भिंतीशी. डोक्यावर ती ग्रीसची टोपी, हातात मावशीचे भांडी घासायचे रबरी हातमोजे, ओढणी कमरेला खोचलेली. बाबांनी बादली धरली होती. भिंतीचा खालचा चतकोर चुन्याने ओला झाला होता.

माझ्या लक्षात आलं की आजूबाजूचे ब्रश थांबलेत. बोटवाला माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला की इथे भिंत ज्याची त्याची असते. एकाची भिंत दुसरा रंगवत नाही. ही भिंत याच घरात राहणाऱ्या मावशीच्या धाकट्या बहिणीची होती. ती वारली त्याला दोन वर्षं झाली, आणि तेव्हापासून या भिंतीला कोणी हात लावलेला नाही.

काल विमानतळ, आज हे. मी धावले. "आई, थांब, थांब. ती दुसऱ्याची भिंत आहे. ती बाई गेलीय."

आईने ब्रश खाली घेतला. भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मले वाटलं, सगळ्यांच्या भिंती होऊन राहिल्या, हिलेच कोणी नाई." तिचा चेहरा उतरला. सूनमुख पाहायला जाऊन चुकीच्या घरात शिरल्यासारखी ती तिथेच उभी राहिली.

तेवढ्यात मावशी दारात आली. ती भिंतीजवळ गेली, ओल्या चतकोराकडे बघत राहिली. चुना ओला असताना पांढरा दिसत नाही, नुसता पाण्यासारखा पारदर्शक दिसतो. वाळल्यावर पांढरा होतो. त्यामुळे आईने काहीच केलं नाही असं वाटत होतं. आईला ते माहीत होतं, तिने दर दिवाळीला नागपूरच्या घराला चुना मारलाय. तिला मावशीच्या चेहऱ्यावरचं काही कळलं नाही आणि तिने आपल्या परीने माफी मागितली. म्हणजे खोलीत गेली, बॅग उघडली आणि हातात निळीची बाटली घेऊन परत आली.

निळीची बाटली ही आईची वेगळीच गोष्ट. बाबांचे पांढरे शर्ट माझ्या मशीनमध्ये पिवळे पडतात म्हणून ती नागपूरहून घेऊन आलेली, आणि ग्रीसमध्ये पाणी कसं असेल कोण जाणे म्हणून या बॅगेतही भरलेली. तिने बादलीत मोजून चार थेंब टाकले, काठीने ढवळलं आणि बादली मावशीसमोर धरली. "ब्ल्यू," आई म्हणाली. "मोअर व्हाइट."

मावशी बादलीत वाकून बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, माझी आई चुन्यात निळीची पुरचुंडी बुडवायची. छोट्याशा कापडात बांधलेली. मी आणि धाकटी ती पिळायचो आणि हात निळे करून घ्यायचो. साठ वर्षांत मी ती पाहिली नाही. मला वाटलं आता ही रडणार. तिने नाक पुसलं, आत जाऊन दुसरा ब्रश आणला आणि आईच्या शेजारी उभी राहिली.

त्यानंतर मला कोणी काही विचारलं नाही. दोघी दुपारपर्यंत रंगवत होत्या. एक इंग्लिशमध्ये बोलत होती, एक वऱ्हाडीत, आणि दोघी एकमेकींना अधूनमधून "हं, हं" करत होत्या. वरच्या टोकासाठी बोटवाला शिडी घेऊन आला. शिडी किती तिरकी हवी यावर बाबांनी त्याला पस्तीस वर्षांचा अनुभव ऐकवला, आणि त्याने तो ऐकून शिडी खरोखरच सरकवली. बाबांना इतकं खूश मी त्यांच्या निरोप समारंभातही पाहिलं नव्हतं. मी आईला एकदाच म्हणाले, "अगं, तू इथे नुसती बसायला आली होतीस."

"बसली ना काल," ती म्हणाली. "काम म्हणजे जे उद्या पुन्हा करा लागते. पोळ्या, भांडी. हे वर्षभर राहते."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत वाळली होती. गावातल्या सगळ्या भिंती पांढऱ्या झाल्या होत्या, पण ही वेगळीच होती, निळसर झाक मारणारी, डोळ्यांत भरणारी. येणाजाणारा प्रत्येक जण थांबून बघत होता. मास्तरीणबाई विचारायला आल्या की ही निळीची बाटली कुठे मिळते. आई खुर्चीत, टोपी घालून, पाय लांब करून बसली होती. सकाळपासून ती उठली नव्हती. चहासुद्धा मावशीने हातात आणून दिला, आणि आईने या वेळी एकदाही नको म्हटलं नाही. खाली समुद्र होता. कोणाच्या तरी पायरीवर मांजर होतं की नाही, ते मी मुद्दाम पाहिलं नाही.

निघताना मावशी आईला धक्क्यापर्यंत सोडायला आली. तिने मला सांगायला लावलं की या बेटावर जो भिंत रंगवतो, भिंत त्याची. आता ही तुझ्या आईची. मी ते आईला सांगितलं. आईने मावशीचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. बोटवाल्याने दोनदा घड्याळ बघितलं, पण हाक मारली नाही.

बोट सुटली. मी रात्रभर विचार करून जे ठरवलं होतं ते आता बोलून टाकलं. "आई, चूक माझी होती. पुढच्या वर्षी मी सगळे कागद आधी करते. ग्रीसला नेते तुला, ते कॅलेंडरवालं गाव. शब्द देते."

आई कठड्याला धरून मागे बघत होती. तिकडे घरं लहान होत चालली होती, आणि त्यांतली एकच भिंत कोणती ते लांबूनही कळत होतं.

"नको," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी मले इथंच पाह्यजे. चुना एका पावसाळ्यात जाते. माही भिंत कोण करंल?"

माझ्या चाळिशीत मी आईच्या तोंडून 'मले पाह्यजे' हे शब्द पहिल्यांदा ऐकले. 'पाह्यजे' तिने माझ्यासाठी म्हटलं होतं, बाबांसाठी, नातेवाइकांसाठी म्हटलं होतं. स्वतःसाठी कधीच नाही. मी 'हो' म्हणाले आणि मला रडूच फुटलं, थांबवता येईना. आईला वाटलं मला बोट लागली. तिने पर्स उघडली, आवळासुपारी काढली आणि माझ्या तोंडात घातली.