विकल्या गाडीचं दावं

"पानी पाजलं का तिला?"

सकाळी दार उघडलं की कानावर पहिलं वाक्य हेच. 'ती' म्हणजे म्हैस नव्हे, माझी मोटार. आधी शेजारच्या काकांची, मग मी रीतसर विकत घेतलेली. पण हे 'मग' त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नाही.

काका एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. नजर अधू झाली तेव्हा त्यांनी आपली जुनी गाडी मला दिली. "एक थेंब गळत न्हाई. गळला तर मी हाय," असं आमच्या ओट्यावर बसून, छातीवर हात ठेवून म्हणाले. मी भुललो.

दोनपैकी एकच किल्ली दिली. दुसरी मागितली तर म्हणाले, "जनावर इकलं तरी दावं द्यायचं नसतं. दाव्यासंगं गोठ्याची लक्ष्मी जाती." मोटारीला कसलं आलंय दावं? तुम्हीच सांगा.

त्या किल्लीच्या जोरावर रोज उजाडायच्या आत आमच्या अंगणात बॉनेट धाडकन आपटायचं. मी पांघरुणातून ओरडायचो, "काका, गाडी आता माझी आहे!"

"मी कुटं न्हाई म्हनतो?" बाहेरून उत्तर यायचं, आणि पुन्हा धाडकन.

त्यात एक वेगळाच ताप होता. पारनेरहून नगरला ऑफिसला जाताना इंजिन गरम झालं की गाडीत हळदीचा वास सुटायचा. बायको म्हणाली, कुठेतरी वरण उकळतंय. काका म्हणाले, "वैनींनी डब्याचं झाकन नीट लावलं नसंल." झालं! बायकोने त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

मला गळतीचा संशय होता. गल्लीच्या तोंडाशीच गॅरेज आहे, तिथे गाडी नेली. काका न बोलावता सोबत आले. मेकॅनिकने रेडिएटरचं झाकण उघडलं, पाणी काठोकाठ. वाकून खाली पाहिलं, सगळं कोरडं. "सायेब, गाडीला काय न्हाई. तुमीच डाक्टरला दाखवा," तो म्हणाला. काका घरी पोहोचेपर्यंत मिशीत हसत होते. असा राग आला होता!

यंदाच्या उन्हाळ्यात त्यांच्या छातीत दुखू लागलं म्हणून मुलाने त्यांना नगरच्या दवाखान्यात ठेवलं. अंगण शांत झालं. खोटं कशाला बोलू, मी मनसोक्त झोपलो. आणि त्याच आठवड्यात, सुप्याच्या अलीकडे, भर उन्हात बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. गाडी टेम्पोला बांधून आणावी लागली.

मेकॅनिकने रेडिएटर उतरवला. आत पिवळा गाळ.

"हळद हाय, सायेब. जुने ड्रायव्हर टाकत्यात, चीर बुजवायला. पन गाडी तापली की चीर उघडती अन् पानी तितंच वाफ हुऊन जातं, म्हनून खाली थेंब दिसत न्हाई. लई दिवसांची गळती दिसती. रोज पानी कोन भरत हुतं?"

रोज कोण भरत होतं! माझं डोकंच फिरलं. गळती माहीत असून गाडी माझ्या गळ्यात मारली, आणि वर माझ्या बायकोचा डबा बदनाम केला! 'गळला तर मी हाय' म्हणाला होता ना म्हातारा? बघतोच आता. तसाच एसटीत बसलो आणि भांडणाची वाक्यं जुळवत दवाखाना गाठला.

काका डोळे मिटून पडले होते. हाताला सलाइन. मी जवळ गेलो तसे डोळे उघडले. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी विचारलं, "पानी पाजलं का तिला? मी न्हाई तितं."

"पाजलं, काका," मी म्हणालो.

"मंग ठीक," म्हणून त्यांनी डोळे मिटले.

ते घरी परत आले नाहीत. भांडायचं राहिलं ते राहिलंच, आणि त्याचाही मला त्यांच्यावर राग आहे. गाडीला नवा रेडिएटर बसला. हळदीचा वास गेला. सकाळी आता कुणी उठवत नाही, तरी त्या वेळेला जाग येते.

दिवसकार्य उरकल्यावर काकू किल्ली घेऊन आल्या. "ही तुमची. आमाला काय करायची आता?"

मी किल्ली घेतली आणि पुन्हा त्यांच्याच हातात ठेवली.

"असू द्या, काकू. दावं द्यायचं नसतं."