वजनाच्या आदल्या दिवशीची भाकरी

माझी बायको गेली त्याला नऊ महिने झाले. माणसं अजून भेटायला येतात, ती किती चांगली होती ते सांगतात, मी मान हलवतो. चांगली होतीच. पण माझा तिच्यावर राग आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरलाय. भांडायला ती समोर नाही, म्हणून लिहून काढतोय. शिक्षण सातवी. चुकलं-माकलं तर चुकलं.

मी बॉक्सिंग शिकवतो. पलटणीत सतरा वर्षं काढली, तिथंच हात शिकलो, नाकाचं हाड दोनदा मोडून घेतलं आणि पेन्शनीवर काटेवाडीला आलो. मग बारामती एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर नोकरी धरली आणि उरलेल्या वेळात पोरं गोळा केली. आमचा मुलूख कुस्तीचा. पारावरचे म्हातारे म्हणायचे, "तात्या, तांबडी माती सोडून ही गालफडं सुजवायची विद्या कुठनं आनली?" मी म्हणायचो, "तुमची पोरं माती खात्यात, माझी गुच्च्या खात्यात. ज्याला जे पचंल ते."

जागा म्हणजे बंद पडलेली पोल्ट्री. दमट हवेत तिथं अजून कोंबड्यांचा वास सुटतो. खाली उसाचं पाचट, वर ताडपत्री. मारायच्या बॅगा म्हणजे खताच्या गोण्या, आत चिंध्या आणि लाकडाचा भुसा. ग्लोव्हज फाटले की बायको दाभण घेऊन बसायची. तिनं घातलेली शिवण अजून उसवलेली नाही. वजनाला काटा गावच्या दूध डेअरीचा. सकाळचं दूध गेलं की आमची पोरं एकेक करून काट्यावर. डेअरीवाला म्हणायचा, "तात्या, फॅट बी लावून बघू का?"

माझ्या हाताखालची पोरं आज पोलिसात आहेत, रेल्वेत आहेत, पलटणीत आहेत. बारामतीच्या स्टँडवर भेटली तर पाया पडतात. मी त्यांना दोनच गोष्टी शिकवल्या. हनुवटी खाली ठेवायची, आणि भूक मारायची. दुसरी माझी खरी विद्या. पलटणीतल्या माझ्या उस्तादानं सांगितलं होतं, अंगाचं वजन ज्या गटात बसतं त्याच्या एक गट खाली खेळ. समोरचा बारका मिळतो, तुझा हात लांब पडतो. मी ते देवाचं वाक्य धरलं. स्पर्धेआधी आठ दिवस मीठ बंद, तीन दिवस भाकरी बंद, शेवटच्या दिवशी पाणी फक्त ओठ ओले करायला. अंगात स्वेटर, स्वेटरच्या आत प्लास्टिकचा कागद, आणि गुऱ्हाळावर नेऊन चुलवाणाच्या जाळाशी बसवायचं. वर काहिलीत उसाचा रस उकळतोय, खाली पोरगं घामानं निथळतंय. गुळाच्या वासानं त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. ते मी थुंकायला लावायचो. थुंकीलाही वजन असतं. एक पोरगा आता फौजदार आहे, पोट सुटलंय, तरी ताटात अर्धी भाकरी ठेवून उठतो. त्याची बायको विचारते, तर म्हणतो, सवय.

त्यातली एक पोर पळसदेवची. माझ्याकडं आलेली पहिली पोरगी. उजनीच्या पाण्याकाठी घर, बाप थोडा ऊस लावायचा, थोडे मासे धरायचा. तिचा डावा हात समोरच्याला दिसायचा नाही, लागल्यावर कळायचा. तसा हात मी नंतर बघितला नाही. रोज एसटीनं येणं-जाणं जमेना तेव्हा बायकोच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तिला हितंच. आपलं पोरगं पुन्याला, खोली मोकळीच हाय." दोन वर्षं ती आमच्यात राहिली. सकाळी शेडमध्ये माझ्यामागं, संध्याकाळी गोठ्यात बायकोच्या मागं. दोघी कशाला तरी हसायच्या. मी गेलो की गप्प व्हायच्या.

तिचं अंगाचं वजन एक्कावन्न किलो. मी तिला अठ्ठेचाळीसमध्ये घातली. वरच्या गटात एक दांडगी पोर होती, तिच्या वाटेला जायला नको हा माझा हिशेब. बायको एकदा चुलीपुढनं म्हणाली, "पोरीची तब्येत बरी न्हाय, आवो. बाईच्या जातीचं वायलं असतंय." मी म्हणालो, "तब्येत रिंगमधी कळती. तू तुझं बघ." ती पुन्हा बोलली नाही.

राज्याच्या निवडीला पुण्याला गेलो. पोरीबरोबर बाईमाणूस लागतं म्हणून बायकोला घेतलं. त्या दोघी पोरींच्या खोलीत, मी पोरांच्यात. आदल्या दिवशी दुपारी वजन केलं, सत्तेचाळीस किलो आठशे. मी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी पोर काट्यावर उभी राहिली, काटा अठ्ठेचाळीस तीनशे. तासाभराची मुदत मिळाली. मैदानाला फेऱ्या मारल्या, दोरीच्या उड्या मारल्या, पुन्हा स्वेटर चढवला. थुंक म्हणालो, तर तोंडात थुंकी नव्हती. तासानं काटा अठ्ठेचाळीस दीडशे. टेबलामागच्या साहेबानं तिच्या नावावर रेघ मारली.

मी सगळ्यांदेखत विचारलं, "काय खाल्लंस?"

ती खाली बघत म्हणाली, "भाकरी."

"कुनी दिली?"

"मीच घेतली, तात्या. काकीच्या डब्यातली. भूक लागली."

बायको शेजारीच होती. वजन झाल्यावर पोरांना खायला आणलेला डबा तिच्याच हातात. तिनं पदर नीट केला, बास.

मी पोरीला काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. शेवटी म्हणालो, "एका भाकरीला इकलंस मला. पुन्यांदा दारात दिसू नको." स्वारगेटला तिला सोलापूरच्या गाडीत बसवलं, ती पळसदेववरनं जाते. आम्ही दोघं बारामतीच्या गाडीत. बायको घरापर्यंत खिडकीतनं बाहेर बघत होती. मला वाटलं, माझ्याइतकंच तिलाही लागलंय.

पुढची अकरा वर्षं मी त्या पोरीची गोष्ट सांगितली. नवी पोरं आली की पहिल्या वजनाला, डेअरीच्या काट्यापाशी, ती गोष्ट ठरलेली. पोरांनी तिचं नावच भाकरी पाडलं. कुणी चोरून खाल्लं की, "भाकरी झाला रं ह्यो." इंदापूरला स्पर्धेला गेलो तर तिथल्या पोरांच्या तोंडीही तोच शब्द. मला बरं वाटायचं. माझी शिकवण पसरली असं वाटायचं. घरीही पोरं जमली की मी ती गोष्ट काढायचो, आणि बायको चहाचे कप वाटत असायची. एकदाच म्हणाली, "पुरं की आता. पोरगी लगीन हून नांदतीय, तुमचं आपलं चालूच." मी म्हणालो, "तिच्या लग्नानं माझं नुकसान भरून येतंय व्हय?"

पोरीचं सासरही पळसदेवमध्येच होतं. आणि बायको दर उन्हाळ्यात पळसदेवला जायची. उजनीचं पाणी उतरलं की बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडतं, त्याच्या दर्शनाला. या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायचं मला कधी सुचलं नाही. उन्हात चिखल तुडवत कोण जातंय म्हणून मी कधी बरोबर गेलो नाही. ती दुसऱ्या दिवशी परत यायची, उन्हानं काळवंडलेली, आणि खुशीत असायची. म्हातारपणी देवाची ओढ लागते असं मी धरून चाललो.

बायको चार दिवसांच्या तापात गेली. दहाव्याला माझी जुनी पोरं आली, अंगणात गर्दी. तेवढ्यात ती आली. आता अंगानं भरलेली, कडेवर लेकरू. माझ्यामागं कुणीतरी हळूच म्हणालं, "भाकरी आली बघ." मी ऐकलं, तिनंही ऐकलं. ती सरळ आत बायकांत गेली आणि अशी रडली की माझ्या सख्ख्या मेहुण्या तिच्याकडं बघत राहिल्या.

माणसं पांगल्यावर ती ओट्यावर आली. मी म्हणालो, "अकरा वर्सांनी वाट घावली व्हय तुला?"

"तुमीच दार बंद केलतं. काकी येत हुती माझ्याकडं, दरसाल."

"ती देवाला येत हुती."

"देवाला धा मिनटं लागत्यात, तात्या. ती माझ्याकडं मुक्कामाला असायची. माझी दोनी बाळंतपनं तिनं बघितली."

"खोटं नको बोलू. माझ्याशी बेइमानी केलेल्या पोरीच्या घरात ती पाणी बी पिली नसती."

ती लेकराच्या पाठीवर हात फिरवत बसली. मग म्हणाली, "भाकरी मला काकीनं चारली."

आणि तिनं सगळं सांगितलं. वजनाच्या आदल्या दिवशी दिवस मावळताना ती मोरीत पडली होती. हात आखडले, दातखीळ बसली. त्याआधी चार महिने उपासानं तिची पाळी बंद होती, ते बायकोला ठाऊक होतं. बायकोनं तिला मांडीवर घेतलं, दह्यात भाकरी कुस्करून घास घास चारली, वर तांब्याभर पाणी पाजलं. म्हणाली, तात्यांना सकाळी मी सांगते.

"मग सांगितलं का न्हाय?"

"तुमी वरडाय लागला. मी काकीकडं बघितलं, ती माझ्याकडं बघंना. मग मी म्हनलं, मीच खाल्ली." पुढं म्हणाली, "पयल्या उन्हाळ्यात आली तवा पायावर डोकं ठेवाय लागली माझ्या. मीच धरली तिला. तिनं शपथ घातलीय, कुनाला सांगू नको म्हनून. आज तुमी बेइमानी म्हनलात म्हनून तोंडातनं गेलं. हितंच ठेवा. माझं नाव गेलंच हाय, काकीचं नको."

मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. ती गेली.

त्या दिवसापासून मी घरात एकटाच भांडतोय. भाकरीचा मला राग नाही. पोर मेली असती, बायकोनं केलं ते बरोबरच. मला विचारलं असतं तर मी नको म्हणालो असतो, हेही खरं, म्हणून तिनं विचारलं नाही. राग त्या पदर नीट करण्याचा आहे. माझी बायको भिणारी नव्हती. मारकुटी म्हैस तिनं वेसण धरून फिरवली, सोसायटीच्या चेअरमनला दारातनं परत पाठवला. मग मला ती भ्याली असं कसं मानू? आणि खरंच भ्याली असेल तर चव्वेचाळीस वर्षं मी कुणाशी संसार केला? मला अकरा वर्षं खोटी गोष्ट सांगू दिली. कप वाटता वाटता ऐकत राहिली. एकदा म्हणायचं होतं, गप बसा, मी चारली. मी दोन दिवस जेवलो नसतो, तिसऱ्या दिवशी पळसदेवला गेलो असतो. गेलोच असतो असं मला वाटतं. आता ते सिद्ध करता येत नाही, ती संधीही तिनं सोबत नेली. आणि त्या पोरीनं तरी काय केलं? दोघींनी मिळून मला बाहेर ठेवलं. उन्हाळ्यातलं एक आख्खं घर माझ्या माघारी चाललं होतं, त्यात नातवंडासारखी दोन लेकरं होती, आणि मी इकडं पोल्ट्रीत बसून त्याच पोरीला शिव्या देत होतो.

मध्यंतरी नवी पोरं घेऊन वजनाला डेअरीवर गेलो. पोरं माझ्या तोंडाकडं बघत उभी, आता तात्या गोष्ट सांगणार. एका पोरीनं काट्यावर चढायच्या आधी पाणी प्यायलं, तर मागनं एकजण म्हणाला, "भाकरी हूनार ही."

मी त्याला पुढं बोलावला. म्हणालो, "ती भाकरी माझ्या बायकोनं चारली हुती. मी त्या पोरीला मरायला टेकवली हुती. माझ्या बायकोनं तिला जगवली आन् मग तोंड दाबून बसली. चूक माझी, खोटं बायकोचं. पोरीचा काय बी दोष न्हाय. आजपास्नं ह्यो शब्द ज्याच्या तोंडातनं येईल त्यानं शेडमधी यायचं न्हाय. आन् एक गट खाली कुनी खेळनार न्हाय." डेअरीवाला हातातलं माप तसंच धरून ऐकत होता. म्हणजे दुपारपर्यंत गावाला कळलं.

चार दिवसांनी पळसदेवचा फोन आला.

"तात्या, तुमी सांगितलं?"

"सांगितलं."

"कशापायी?"

"तुझं नाव धुवाय."

"मी म्हनले हुते का धुवा म्हनून?" आवाज चढला नव्हता. "हितं बायका मला इचारत्यात, तुजी काकी अशी कशी गं, पोरीला बळी दिली. अकरा वर्सं मी ते नाव तिच्यासाठनं अंगावर घेतलं. म्या तिला दुसरं काय दिलतं? तुमी ते बी काढून घेतलं."

"खरं सांगितलं मी."

"खरं तुमचं हुतं व्हय सांगाय?"

मग मी म्हणालो, "मी येतो उद्या. समोरासमोर बोलू."

"येऊ नका. मला वाटंल तवा मी फोन करीन. न्हाय वाटलं तर न्हाय करनार."

तिचं मला पटलेलं नाही. खोटं नाव माणसानं आयुष्यभर का वागवायचं? पण त्या पोरीनं काय खावं, किती वजनावर खेळावं, कुठल्या गाडीत बसावं, सगळं मीच ठरवलं होतं. सकाळी एसटीची वेळ झाली तेव्हा पायात चपला घातल्या होत्या. पुन्हा काढल्या. तिनं येऊ नका म्हणून सांगितलंय. मी जात नाही.