उंदीरघरातली पंगत

औषधनिर्माण महाविद्यालयाच्या मागे जिथे आता मोटारी उभ्या असतात, तिथे पूर्वी उंदीरघर होतं. रंगराव साळव्यांनी ते एकतीस वर्षं सांभाळलं. निवृत्तीनंतर त्यांना सगळ्यात जास्त आठवे तो १९९८ चा उन्हाळा, आणि उकळत्या कांद्याच्या सालींचा वास.

मार्केट यार्डात साली फुकट मिळत. रंगराव दर सोमवारी सायकलला पोतं लावून त्या आणत.

"काय रंगराव, कांदे परवडेनात का?" हमाल विचारत.

"कांदे तुम्ही खा. औषध सालीत आहे."

हे त्यांना सुनीतीनं सांगितलं होतं. ती तिथली संशोधक विद्यार्थिनी. सालीच्या तांबूस रंगात फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्यं असतात, त्यांनी रक्तातली साखर उतरते का, हे तिला पाहायचं होतं. साखर वाढवलेले बारा उंदीर होते. सहांना सालींचा अर्क, सहांना नुसतं पाणी. साली उकळायच्या, बाटल्या भरायच्या आणि धुवायच्या, ही कामं रंगरावांची.

सहा आठवड्यांनी तपासलं, तर बाराही उंदरांची साखर उतरलेली.

"तुमच्या उंदरांना पाण्यानंही गुण येतो," मार्गदर्शक श्रीनिवास सर म्हणाले. "खडकवासल्याचं पाणी आहे. आपण बाटलीत भरून विकू या."

सुनीती हसली नाही. वर्गातल्या मुली केव्हाच कॉम्प्युटरकडे वळल्या होत्या. तिलाही एका सॉफ्टवेअर कंपनीचं पत्र आलं होतं, एक जुलैला हजर व्हायचं होतं.

"जाते मी काका," ती म्हणाली. "सालीत काही नव्हतंच."

"पण ताई, साखर उतरली ना?"

"पाणी पिणाऱ्यांचीही उतरली. मग सालीनं उतरली असं कोणत्या तोंडानं म्हणू?"

आपण काय करून बसलो, ते रंगरावांना तेव्हा कळलं. निवृत्तीला आठ महिने होते. सांगावं तर चौकशी होणार, गप्प राहावं तर ही पोरगी दोन वर्षांचं काम टाकून जाणार. दुसऱ्या दिवशी बाटल्या न धुताच ते तिच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

"ताई, ते नुसतं पाणी नव्हतं. उरलेला अर्क मी संध्याकाळी त्यांच्याही बाटल्यांत घालायचो."

"का पण?"

"लहानपणी गावच्या लग्नात आमची माणसं लांब, उकिरड्याच्या कडेला बसायची. पंगती उठल्या की उरलंसुरलं यायचं, कधी नाहीच यायचं. एका ओळीतल्या निम्म्यांना वाढायचं आणि निम्म्यांना पाणी दाखवायचं, माझ्या हातून होईना."

सुनीतीनं वही ओढली.

"कधीपासून?"

"पहिल्या रविवारपासून."

"किती?"

"ज्याला जेवढं पुरेल तेवढं."

तिनं तेही लिहून घेतलं. "म्हणजे सालीचा गुण असेलही. पण पुन्हा करावं लागेल काका. आणि या वेळी सहांना खरोखर पाणी."

"देतो," रंगराव म्हणाले.

तिनं कंपनीकडून ऑक्टोबरपर्यंत मुदत मागून घेतली. चौकशी झाली नाही. श्रीनिवास सर एवढंच म्हणाले, "साळवे, पंगती घरी वाढा."

नवे बारा उंदीर आले. रंगरावांनी सहा आठवडे सहा बाटल्यांत नळाचं पाणी भरलं. ते उंदीर वाळत गेले, त्यांच्या पिंजऱ्यातला भुसा लघवीनं सारखा ओला होई. भुसा बदलायला बंदी नव्हती. रंगराव तो दिवसातून दोनदा बदलत.

सप्टेंबरात सुनीतीनं साखरेचा आलेख काढून आणला. एक रेघ खाली उतरत गेलेली, दुसरी वरच राहिलेली.

"हे उंदरांचं झालं, माणसांपर्यंत पोचायला वर्षं लागतील," ती म्हणाली. तरी तिचं बोट दोन रेघांमधल्या जागेवरून हलत नव्हतं. "पण बघा काका, केवढा फरक."

रंगरावांनी चष्मा लावून नीट पाहिलं. "चांगलं झालं ताई," ते म्हणाले, आणि वरच्या रेघेतल्या सहा जणांचा भुसा बदलायला गेले.